पुणे-बंगलोर, पण जमिनीवरून

आयटीत काम करणाऱ्या पुणेकराला बंगलोर म्हणजे काय, तर पहाटेचं फ्लाइट, एअरपोर्टवरून टॅक्सीत अडकून काढलेली सकाळ, क्लायंटचं ऑफिस, रात्री हॉटेलची रूम आणि परत. माझं काम डेटाबेस मायग्रेशनचं, त्यामुळे ही वारी मला नेहमीचीच. पण तारखा माझ्या हातात असल्या की मी रेल्वेनेच जातो, आणि ऑफिसात प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच की अरे दीड तासाचं काम, त्यात अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस कशाला घालवतोस, तर त्याचं नीट उत्तर एकदा लिहून टाकतो.

उत्तर असं, की मी ज्यांच्यावर जीव टाकतो ती माणसं, गाणारी काय आणि लिहिणारी काय, बरीचशी या रुळांच्या आजूबाजूचीच आहेत. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी. आणि आपण त्या सगळ्यावरून ढगातून निघून जातो, कानात त्याच लोकांचं गाणं लावून.

सांगलीपासूनच घ्या. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे सीतास्वयंवर केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं हे आपण शाळेत शिकतो, पण त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातली एक भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली होती आणि ते बघूनच सांगलीच्या पटवर्धन राजांनी भाव्यांना तसं काहीतरी आपल्या भाषेत करायला सांगितलं, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे आपल्या रंगभूमीची ठिणगी सुद्धा दौऱ्यावर आलेल्या लोकांनी टाकलेली.

मग मिरज. इथे गाडी बऱ्यापैकी थांबते. सतारमेकरांची गल्ली इथली, पूर्वी हत्यारं करणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली आणि त्यांचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. आणि इथेच दर्ग्याजवळ अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा घराण्याचे खाँसाहेब जन्माने उत्तरेतले, कैरान्याचे, मग बडोदा, मग मिरज. म्हैसूर दरबारचं बोलावणं आलं की ते दक्षिणेत जायचे, आणि जाता-येता धारवाड-हुबळीकडे मुक्काम व्हायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लायंट म्हैसूरला आणि वाटेत हॉल्ट हुबळीला. त्या मुक्कामांतून कुंदगोळच्या रामभाऊंना, म्हणजे पुढच्या सवाई गंधर्वांना, ते गाणं मिळालं. सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी. अख्खं घराणं उत्तर कर्नाटकात रुजलं ते एका माणसाच्या कामाच्या प्रवासामुळे! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खाँसाहेब गेले ते पण प्रवासातच, 1937 मध्ये, पाँडिचेरीकडे निघालेले असताना बरं वाटेना म्हणून मद्रासजवळच्या सिंगापेरुमाळ कोइल या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच प्लॅटफॉर्मवर त्यांनी देह ठेवला.

मिरज सोडलं की घटप्रभा, गोकाक रोड आणि बेळगावच्या अलीकडे सुळेभावी नावाचं एक स्टेशन लागतं, बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. कुमार गंधर्वांचा जन्म या गावातला, 1924 चा. मी खिडकीशी असलो तर ती पाटी चुकवत नाही. हुबळीच्या पुढे कुंदगोळ येतं. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने इथे शिकायला यायच्या, आणि परतताना त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला तरुण भीमसेन जायचे, आज गुरुजींनी काय शिकवलं ते वाटेत विचारत. गदग थोडं बाजूला राहतं, फाट्याच्या लाइनवर, भीमसेनांचं ते गाव. पोरवयात गुरू शोधायला घर सोडून निघाले ते रेल्वेनेच, आणि पुढे विमानाने इतके फिरले की हवाई गंधर्व असंच नाव पडलं. त्यांनी 1953 पासून पुण्यात गुरूंच्या नावाने जो महोत्सव चालवला तो आज आपण आपला, पुण्याचा म्हणतो, आणि आहेच, पण त्यातलं सवाई हे नाव कुंदगोळचं आहे एवढं तरी डिसेंबरात स्वेटर घालून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

माझ्यासाठी सगळ्यात वर मात्र मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, शिक्षण आधी मिरजेला नीलकंठबुवांकडे, मग अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ. रात्रीचं कटओव्हर, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जाणं असलं, स्क्रिप्ट चालू आहेत आणि नुसतं लॉगकडे बघत बसायचंय, तेव्हा मी त्यांनाच लावतो. त्यांच्या गाण्यात वाट बघणं नाही, पहिल्या आवर्तनापासून राग पुढ्यात असतो, आणि एक तान कुठे संपून दुसरी कुठे सुरू झाली ते धरायला जाल तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आलेली असते. बाकीच्यांचं गाणं चालू असताना मी मेल वाचू शकतो, मन्सूरांचं चालू असताना नाही वाचू शकत.

आणि आता माझ्या धंद्यातली एक तक्रार. स्ट्रीमिंग ॲपवर आपलं शास्त्रीय संगीत शोधणं हा छळ आहे, आणि त्याचं कारण गाण्यात नाही, टेबलाच्या डिझाइनमध्ये आहे. ट्रॅक, आर्टिस्ट, अल्बम या तीन कॉलमांवर उभं राहिलेलं मॉडेल तीन मिनिटांच्या पॉप गाण्यासाठी केलेलं. त्यात राग कुठे ठेवणार? ताल? तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मैफल कुठली? सगळं कोंबतात टायटलमध्ये, तेही तीन वेगवेगळ्या स्पेलिंगनी. सन 1935 च्या आसपासची 78 आरपीएमची जुनी तबकडी नव्याने डिजिटल केली की तिच्यासमोर साल दिसतं 2005, कारण रिलीज डेट तेवढीच भरलेली असते. एकाच रागातले विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) वेगळे ट्रॅक केले की मध्ये जाहिरात येते, आणि शफल चालू राहिलं तर द्रुत आधी. साथीदाराचं नाव नाहीसं होणं हे मला सगळ्यात लागतं, कारण ज्या माणसाने तासभर ठेका धरलाय तो रेकॉर्डमध्ये असूनही शोधात सापडतच नाही.

हे सोडवता येत नाही असं अजिबात नाही. म्युझिकब्रेन्झ नावाचा खुला डेटाबेस आहे, त्यात प्रत्येक रेकॉर्डिंगला कोण काय वाजवतंय ते जोडता येतं, आणि रचनेला राग-ताल लावायची सोय सुद्धा आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात कॉम्पम्युझिक म्हणून प्रोजेक्ट झाला, त्यांनी हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम अशा संगीतांवर, त्या त्या परंपरेचे नियम समजून घेऊन काम केलं. स्पेनमधल्या लोकांना हे करावंसं वाटलं आणि ज्यांच्या घरात कॅसेटींचे खोके आहेत त्या आपण इंजिनिअरांनी करू नये हे मला पटत नाही. रेल्वेत लॅपटॉप उघडला की मी जुन्या कॅसेटच्या कव्हरवरची नावं तिथे भरत बसतो, नेट येईल-जाईल तसं.

पुस्तकांचंही तसंच. प्रवासाला निघताना मी जिथे चाललोय तिथलं पुस्तक बरोबर घेतो, आणि कन्नडच्या बाबतीत आपण मराठी वाचक फार नशीबवान आहोत, कारण कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्या उमा कुलकर्णी. त्यांची कामाची पद्धत ऐकून मी थक्क झालो होतो, त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'मंद्र' मी त्यांच्याच अनुवादात वाचलं, मोठा गवई आणि माणूस म्हणून नकोसा, अशा एकाची ती कादंबरी आहे, आणि गाण्याच्या वेडापायी कलाकाराला सगळं माफ करणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती वाचायलाच हवी. धारवाड आलं की जीए, म्हणजे कथाकार जी. ए. कुलकर्णी, आठवतात, तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत त्यांनी त्या कथा लिहिल्या. आणि त्याच गावात कवी द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी आणि कविता कन्नडमध्ये. 1973 साली बेंद्र्यांना ज्ञानपीठ आणि जीएंना 'काजळमाये'साठी साहित्य अकादमी (जीएंनी तो नंतर परत केला ते वेगळं), म्हणजे एकाच गावातले दोघं, एकाच साली, भाषा अदलाबदल केल्यासारख्या. सीमाप्रश्नावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांना मला हे एवढंच सांगायचं असतं.

सिनेमात माझा माणूस म्हणजे नट-दिग्दर्शक शंकर नाग. होन्नावरचा, मुंबईत मराठी नाटकात वावरलेला, मग गिरीश कर्नाडांच्या सिनेमातून कन्नडमध्ये गेला, आणि आगुंब्याच्या पावसात 'मालगुडी डेज' केलं जे आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलंय. 1990 मध्ये दावणगिरीजवळ अपघातात गेला तेव्हा पस्तिशीचाच होता. बंगलोरच्या रिक्षांवर अजून त्याचे फोटो असतात.

त्याच्या नावाचं थिएटर आहे जेपी नगरमध्ये, रंग शंकरा, त्याच्या पत्नी अरुंधती नाग यांनी 2004 मध्ये उभं केलं. कामासाठी बंगलोरला असाल तर एक संध्याकाळ मॉलमध्ये घालवण्याऐवजी तिथे जा. कन्नड येत नसलं तरी जा, मी पाहिलेली चांगली नाटकं अर्धी तरी न समजणाऱ्या भाषेत होती आणि तरी समजली. तिकीट स्वस्त असतं, कॅफेत साबुदाणा वडा मिळतो आणि तो खरंच चांगला असतो. फक्त एक लक्षात ठेवा, साडेसातचा प्रयोग म्हणजे साडेसातच, उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, मग तुम्ही कोणीही असा. शहराच्या पार पूर्वेकडच्या व्हाइटफील्डहून निघणार असाल तर साडेचारलाच लॅपटॉप बंद करा.