तळ्याच्या गवताळ बाजूला

आज सकाळी आईला घेऊन पाणथळ पार्कात जाऊन आले. मधोमध मोठं तळं, एका बाजूला गार्डन म्हणजे हिरवळ, गुलाबाचे वाफे, कारंजं, बाक वगैरे, आणि पलीकडे नुसतं माणसाच्या उंचीपर्यंत वाढलेलं पाणकणीस, लव्हाळे, चिखल आणि मधेच एक वठलेलं झाड. गर्दी सगळी अलीकडेच होती. आम्ही पण आधी तिकडेच फिरलो, गुलाब खरंच सुंदर फुललेत, आईने भरपूर फोटो काढले. पण घरी आल्यापासून डोक्यात जे फिरतंय ते सगळं पलीकडचं आहे, म्हणून झोपायच्या आत लिहून ठेवतेय.

पलीकडे पाण्यावरून एक लाकडी वाट काढलीय, कठडा असलेली, दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढी. तिथे उभ्याउभ्या आईला एका पानाला चिकटलेलं काहीतरी दिसलं, मला म्हणाली, "किडा मेलाय बघ." वाकून पाहिलं तर ती चतुराची कात होती! पोकळ, मातकट रंगाची, सहाही पाय पानाला घट्ट धरलेले, पाठीवर उभी चीर आणि त्या चिरेतून पांढरे बारीक दोरे लोंबत होते. ते दोरे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं अस्तर, कात टाकताना तेसुद्धा बाहेर ओढलं जातं. हा प्राणी महिनोन्‌महिने, काही जातींत तर वर्षानुवर्षं पाण्याखाली अळी म्हणून राहतो, डासांच्या अळ्या खातो, आणि वेळ झाली की एखाद्या देठाला धरून वर येतो, तिथेच पाठ फाडून पंख घेऊन बाहेर पडतो. आई किती तरी वेळ तिथून हलेना, मोबाईल अगदी जवळ नेऊन बघत होती, आणि मग तिनेच विचारलं, देठच नसतील तर हे वर चढणार कशाला धरून? मला ह्या प्रश्नाचं इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

कारण तेवढ्यात मागून येणारे एक काका सोबतच्यांना सांगत होते की एवढं छान तळं आहे पण ही बाजू साफ करून घेत नाहीत, कडेने भिंत बांधून दिवे लावले तर किती शोभा येईल. काका वाईट हेतूने बोलत नव्हते, बहुतेकांना असंच वाटतं, आणि कितीतरी तळ्यांचं सुशोभीकरण अगदी असंच होतं. मला मात्र ते ऐकून पोटात कालवलं. शेवटी मी थांबून बोललेच त्यांच्याशी. म्हटलं काका, हे तळं ज्याच्या जोरावर तळं राहिलंय ते हेच गवत आहे.

आणि हे मी भावनेच्या भरात नाही म्हणत, ह्यामागे साधं सरळ काम चालू असतं. पावसाचं, रस्त्यांवरून वाहून आलेलं पाणी ह्या देठांच्या दाटीत शिरलं की त्याचा वेग मरतो, गाळ खाली बसतो. पाणकणसाच्या पानादेठांत आतून हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यातून हवा मुळांपर्यंत जाते आणि थोडा ऑक्सिजन मुळांतून चिखलात झिरपतो. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात, मग जरा बाजूच्या, हवा न पोचणाऱ्या काळ्या चिखलातले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. आई चिखलाच्या वासाने नाकाला पदर लावून उभी होती, तर तो वाससुद्धा त्याच हवा नसलेल्या चिखलाचा. अर्थात कितीही घाण आणून ओता आणि गवत ती निस्तरेल असं नाही, प्रत्येक तळ्याची एक ताकद असते. पण कोलकात्याच्या पूर्वेला साधारण १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन आहे, तिथे शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांमध्ये ऊन आणि शेवाळाच्या मदतीने निवळतं आणि त्यावर मासे वाढवतात, भाजीपाला पिकवतात, कित्येक पिढ्या चालू आहे हे. २००२ मध्ये ती जागा रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. आणि लंडनमध्ये वापरात नसलेल्या जुन्या जलाशयांच्या जागी पाणथळ केंद्र उभं केलंय, २००० साली सुरू झालं, म्हणजे शहराच्या आत हे नव्याने करताही येतं.

काकांनी ऐकून घेतलं सगळं. मग त्यांनीच मला हाताने थांबवून पाण्याकडे बोट दाखवलं. टिबुकली, बुड्या मारणारा छोटासा पाणपक्षी! पाठीवर पट्ट्यापट्ट्याचं पिल्लू, फक्त डोकं बाहेर, बाकी सगळं आईच्या पंखात. टिबुकलीचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा कुजक्या पाल्याचा ढीग, आजूबाजूच्या देठांना अडकवलेला, म्हणून तर वाहून जात नाही. घरटं सोडून जाताना ती अंड्यांवर ओला पाला ओढून ठेवते. भिंत बांधली असती तर हा ढीग अडकवायचा कुठे, हे मला सांगावंच लागलं नाही, काका स्वतःच म्हणाले.

वठलेल्या झाडावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. त्यांची पिसं भिजतात, म्हणून बुडी मारणं सोपं जातं पण नंतर असं वाळवत बसावं लागतं. ते झाडसुद्धा कुणीतरी "वाळलंय, तोडा" म्हणेल कधीतरी. चांदवे, म्हणजे पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी, होते बरेच, ते सारखे आपसात भांडतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. गार्डनच्या बाजूने लोक पाण्यात ब्रेड टाकत होते, लहान मुलांच्या हातात देऊन, प्रेमानेच. पण न खाल्लेला ब्रेड पाण्यात कुजतो, कुजताना ऑक्सिजन खातो, आणि तो माशांच्या वाट्याचा असतो. तिथे एक ठळक बोर्ड हवा, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर.

निघताना गेटवर सूचनांची वही होती. आईने मला पेन दिलं आणि शेजारी उभी राहून काय काय लिहायचं ते सांगत गेली: पलीकडचं गवत सगळं एकदम कापू नका, कापायचंच झालं तर पिल्लांचे दिवस सोडून थोडं थोडं कापा, वठलेलं झाड राहू द्या, त्या बाजूला रात्रीचे दिवे नकोत, ब्रेडसाठी बोर्ड लावा. पान भरलं. खाली दोघींनी सही केली, आणि काका मागे रांगेत होते, त्यांनी नवीन काही न लिहिता आमच्याच पानावर तिसरी सही केली.