जाळं ताठ बसलं! आता रंगाचं बघू

मंडळी, वाचनालयाच्या हॉलमध्ये आपण प्राण्यांच्या मोठ्या प्रतिकृती मांडतोय. त्यातल्या जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं दोऱ्याचं जाळं काल संध्याकाळी टांगलं आणि आज सकाळी वाचनालयाचा हॉल उघडला, तेव्हा ते जसंच्या तसं ताठ होतं. एकही आरा (मधून चौकटीकडे जाणारा धागा) सैल नाही, चौकटीला पीळ नाही. इतका आनंद झाला की चहाही न घेता आधी फोटो काढले.

आधी हे जाळं तंगूसचं, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोरीचं, केलं होतं; त्याने किती छळलं ते मागे लिहिलंच आहे. संध्याकाळी टणक ताणलेलं जाळं सकाळी लोंबायचं. मधून बाहेर फिरवत नेलेलं वेटोळं प्रत्येक आऱ्याला आत ओढायचं. वरचे आरे वाकायचे, खालचे ढिले पडायचे आणि गाठी सरकून एका कोपऱ्यात गोळा व्हायच्या. चौकटीला तिरक्या कामट्या मारल्या, गाठींवर गोंद लावून पाहिला, तरी तेच. त्यात चिपळूणची हवा. पाऊस गेला तरी ओल काही जात नाही. तंगूस मासेमारीला उत्तम, पण असल्या कामाला मी ते पुन्हा घेणार नाही.

उपाय सापडला तो वाचनालयामागच्या कण्हेरीवर. तिथे अंधार पडताना एक बागेतली कोळीण जाळं विणायला घेते. टॉर्चवर लाल जिलेटिन लावून आम्ही सगळे बसलो. ती आरे ओळीने टाकत नाही. एक इकडे, पुढचा जवळजवळ समोरच्या बाजूला, म्हणजे ताण दोन्हीकडे सारखा राहतो. मग मधून बाहेर जात एक विरळ वेटोळं घालते. ते चिकट नसतं, त्याचं काम फक्त आरे जागच्या जागी धरून ठेवायचं. त्यानंतर बाहेरून आत येत चिकट वेटोळं दाट विणते आणि जाता जाता आधीचं विरळ वेटोळं तोडून टाकते. आपल्या वूड स्पायडर बाईसाहेब मात्र ते तोडत नाहीत, जाळ्यातच राहू देतात. म्हणजे आपल्यालाही ते ठेवायची पूर्ण मुभा!

दुसऱ्याच दिवशी सगळं सोडून नव्याने बांधलं, या वेळी जाड सुती दोऱ्याने. आरे समोरासमोर टाकले. केंद्र मधोमध न घेता बरंच वर घेतलं, कारण खऱ्या जाळ्यातही ते वरच असतं. खालचे लांब आरे बाहेर जाताना फार फाकतात, तिथे खऱ्या जाळ्यासारखे मध्येच फाटे फोडले. मग चार बोटांच्या अंतराने विरळ वेटोळं. प्रत्येक छेदाला दोन वेढे घालून आवळलेली गाठ, दाभोळकडच्या जाळी दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दाखवली तशी. ती गाठ ओढली की घट्टच होते. बारीक वेटोळं सध्या एका बाजूला वीतभरच घातलंय, पण आरे तसूभरही हलले नाहीत.

जाळं प्रमाणात नाही हे कुणी लिहायच्या आधीच सांगते. मादीचं शरीर पाच सेंटीमीटर धरून बारापट केलंय, म्हणजे दोन फूट. खरं जाळं मीटरभर रुंद असतं, ते बारापट करायचं तर हॉलचं छप्पर काढावं लागेल. नर मात्र प्रमाणात बसवलाय. खरा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा, आपला सात सेंटीमीटरचा. पाचवीतल्या एका मुलीने तो एकटीने केला. पायांची तिसरी जोडी आखूड ठेवायचंही ती विसरली नाही. तिला मिठी मारावीशी वाटली.

बाकीचं थोडक्यात. वाशिष्ठीतली मगर वाळली. लगद्याच्या खळीत मोरचूद घातल्यामुळे बुरशीचा ठिपकाही नाही. बचत गटातल्या ताईंचा महाधनेश चोचीपर्यंत आलाय. उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या फळीवर इशियस तुकारामी मधोमध घ्यायचा ठरलं. 2021 साली ठाणे जिल्ह्यातून नोंदवलेल्या या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय, त्यामुळे तो कोपऱ्यात टाकणं मला पटत नव्हतं. सहा डोळ्यांना काळे मणी चालले. समोरच्या दोन मोठ्यांना कोटाची बटणं लावून बघतेय.

आता रंग. वूड स्पायडरचं रेशीम सोनेरी असतं, त्या छटेसाठी हळदीत बुडवलेला नमुना दोरा खिडकीत ठेवला होता, तो उन्हाने पार विटला. तयार सोनेरी जर आणायचं ठरत होतं, पण ती फार चकाकते, रेशीम वाटत नाही. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, दसऱ्याची तोरणं! घरोघरी झेंडू सुकून पडलाय. दोरा आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग झेंडूच्या काढ्यात टाकला तर पिवळा हळदीपेक्षा नक्की जास्त टिकेल. आरे पांढरेच राहू देत, बारीक वेटोळं तेवढं रंगवू. घातलेलं वीतभर उसवावं लागेल, हरकत नाही.

तर जरीची ऑर्डर थांबवा. चिपळूण, खेर्डी, सावर्डे भागातल्यांनी तोरणं फेकू नका, पाकळ्या सोडवून कागदी पिशवीत द्या, प्लॅस्टिकमध्ये कुजतात. हिरड्याची पूड कुणाकडे असेल तर रविवारच्या आत कळवा, आणि सुताला तुरटी किती लागते याचा ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्रमाण लिहा.