वीस वाव, मग पंधरा वाव

मासेमारीबंदीच्या दिवसांत, म्हणजे 1 जून ते 31 जुलै या काळात, वसईच्या आमच्या पाचूबंदरात होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरोघरी जाळ्यांच्या डागडुजीचे काम चालते. गेल्या बंदीत मात्र माझे वडील रुग्णालयात होते. हृदयाची शस्त्रक्रिया करावी की गोळ्यांवर भागवावे, हे थोरला मुलगा या नात्याने मला ठरवायचे होते, आणि त्यासाठी तीन रात्री मी मोबाइलवर टक्केवाऱ्या, रक्तवाहिन्यांची चित्रे आणि अनोळखी रुग्णांचे अनुभव वाचत बसलो होतो. कळत बरेच होते. पण जितके अधिक कळे, तितकी माझीच धडधड वाढे.

‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ ही बायबलातल्या नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातली ओळ मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर तिचा मला रागच येई. कारण ती बहुधा अशाच माणसांच्या तोंडी ऐकू येई ज्यांना विचार करण्याचा कंटाळा असे. पुढे कधीतरी समजले की मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ टेकणे, अंगाचा भार टाकणे असा आहे. गिलबोवा डोंगरावर शौल राजा आपल्या भाल्यावर टेकलेला आढळला, असे एका अमालेकी तरुणाने दाविदाला सांगितले, तिथेही हेच क्रियापद येते. भाल्यात खोट नव्हती, पण ज्या हत्याराने लढायचे त्याच्यावरच राजाला भार टाकावा लागला होता, आणि तोवर लढाई हातची गेली होती.

या विषयावर बायबलातल्याच प्रेषितांच्या कृत्यांचा 27 वा अध्याय मला सर्वांत जवळचा वाटतो, कदाचित आम्ही दर्यावरची माणसे म्हणून असेल. प्रवासाचा हंगाम उलटून गेला होता. पुढे जाऊ नका, असे तारवातून रोमला कैदी म्हणून नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाने सांगितले. पण शताधिपतीने, म्हणजे त्याला नेणाऱ्या रोमी शिपायांच्या नायकाने, तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकले, आणि दक्षिणेचा वारा मंद सुटताच त्यांचाच अंदाज बरोबर होता असे सर्वांना वाटले. मग तुफान आले आणि तारू दिवसचे दिवस भरकटत राहिले. ‘जाणकारांचे ऐकले म्हणून बुडाले’ असा याचा सोपा अर्थ काढणारी प्रवचने मी ऐकली आहेत. मला तो अर्थ पटत नाही, कारण पुढची हकीकत त्यात बसत नाही. चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचा संशय आला तो खलाशांनाच. त्यांनी बुडीद, म्हणजे खोली मोजायचे दोरीला बांधलेले शिसे, टाकले तेव्हा वीस वाव पाणी लागले, थोडे पुढे पंधरा वाव; एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट. माझे वडील बुडीदाच्या शिशाच्या तळाला ग्रीस चोपडत, म्हणजे तळाचा चिखल किंवा वाळू त्याला चिकटून वर येई. यंत्रावर खोली दिसू लागल्यानंतरही त्यांनी ते शिसे होडीतून उतरवले नाही. हे ज्ञान खरेच आहे, आणि त्या रात्री त्यानेच तारू खडकावर जाऊ दिले नाही.

पण त्यानंतर काय झाले पाहा. नाळेवरून, म्हणजे तारवाच्या पुढच्या टोकावरून, नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी मचवा, म्हणजे तारवावरची लहान होडी, पाण्यात सोडू लागले, म्हणजे ज्यांना धोका सर्वांत नीट कळला होता तेच सर्वांत आधी पळायला निघाले. धोका ओळखण्याची विद्या त्यांच्याकडे होती, पण बाकीच्यांना सोडून न जाण्याचे बळ त्या विद्येत नव्हते. ते बळ पौलाकडे होते. कोणाचाही प्राण जाणार नाही, असे वचन त्याला मिळाले होते, तरीही ‘हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही’, असे त्याने शताधिपतीला बजावले. देवाचे वचन हातात असताना त्याने खलाशांना निरुपयोगी ठरवले नाही. प्रार्थनेच्या नावाखाली साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला लावणाऱ्यांनी हे वाक्य अवश्य वाचावे. शिवाय ही हकीकत ‘आम्ही’ म्हणून सांगणारा लूक, ज्याला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तोही त्याच तारवावर होता.

शस्त्रक्रियेला मी संमती दिली ती डॉक्टरांनी समजावून सांगितले म्हणूनच. पण कागदावर सही करताना हात थरथरत होता, आणि सही झाल्यावरही मी मोबाइल सोडला नाही. जणू माझ्या वाचण्यावरच वडिलांचा श्वास चालणार होता. भार मी कुठे टाकला होता, हे मला तिथे, त्या बाकावर कळले.

आई शेजारी येऊन बसली आणि तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. चौदा दिवस उपाशी असलेल्या 276 माणसांसमोर पौलाने भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि ती मोडून खाऊ लागला, तेव्हा पहाट व्हायची होती आणि किनारा अजून दिसत नव्हता. आईने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटे लावून क्रुसाची खूण केली, भाकरीचा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “काल दुपारपासून तुझ्या पोटात काही नाही. तो फोन ठेव आणि आधी खा.”

मी फोन खिशात टाकला. शस्त्रक्रियागृहाच्या दारावरचा लाल दिवा तेव्हा जळतच होता.