तुम्ही विचारलंत म्हणून: शेवाळाचा उपयोग काय?

"एवढी वर्षं शेवाळावर? त्याचा उपयोग काय?" लग्नकार्यात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही गेले तरी हाच प्रश्न. पूर्वी माझं उत्तर ठरलेलं होतं: किडनी.

उत्तर खोटं नव्हतं. क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळाला पोहायला दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे हलणारे बारीक धागे, असतात. त्या बांधायला लागणारं एक जनुक उंदरातही असतं; ते बिघडलं की मूत्रपिंडात सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या गाठी, होतात, हे 2000 साली दिसलं. माणसाच्या आनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनीशी जोडलेलं, कॅल्शियमला वाट देणारं एक प्रथिन शेवाळाच्या कशाभिकांवरही सापडलं. हे मी सगळ्यांना ऐकवायचे. मावशीलाही ऐकवलं होतं.

पुढे काकांना तोच आजार निघाला. डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर मावशी मांडीवर फाइल घेऊन बसली होती. म्हणाली, "अगं, तुझ्या शेवाळात आणि यांच्या किडनीत एकच आहे म्हणालीस ना? मग औषध निघालं का काही?"

"नाही गं मावशी."

"मग इतकी वर्षं काय शोधलंस?"

आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. पेशी ब्रेस्टस्ट्रोक मारल्यासारख्या पुढे चालल्यात, प्रखर प्रकाश पडतो, कॅल्शियम कशाभिकांत शिरतं, त्यांची लय पालटते आणि अर्धा सेकंदभर सगळ्या उलट्या पोहतात. दुसऱ्या व्हिडिओत पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतलेलं. प्रकाश तोच, पण मागे कुणीच वळत नाही. मावशीने दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. "उजेड आला हे त्याला कळतं कशानं?" तेवढ्यात आतून काकांच्या नावाचा पुकारा झाला.

हाच तर माझा प्रश्न! शेवाळाला उजेड कसा कळतो हे शोधतानाच चॅनेलरोडॉप्सिन हे प्रकाश पडला की उघडणारं प्रथिन हाती लागलं. त्याच कुळातल्या प्रथिनाचं जनुक डोळ्यात घालून एका अंध माणसाला समोरची वस्तू काही प्रमाणात दिसू लागली, हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. शोधणाऱ्यांनी सुरुवात अंधत्वापासून केली नव्हती.

बघा, पुन्हा उपयोगच सांगत बसले. पूर्वीची मी म्हणेल, सरकारी पैशावर काम करतेस, सांगावाच लागेल. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण मी या कामात टिकले ती किडनीसाठी नव्हे, त्या उलट्या अर्ध्या सेकंदासाठी. हे मावशीला त्या बाकावर सांगायला हवं होतं का, यावर माझं मलाच उत्तर देता येत नाही.