युक्रेनचं प्रेस कार्ड काढलं त्याची गोष्ट

मी म्हापशाचा, फ्रीलान्स फोटोग्राफर. युक्रेनच्या सैन्याचं प्रेस कार्ड हवं तर एखाद्या पेपरचं पत्र लागतं, की हा माणूस आमच्यासाठी काम करतोय. तिथेच गाडी अडली. पणजीतले एक संपादक म्हणाले, "फोटो पाठव रे, छापतो की, पण लेटरहेडवर नको मागू, उद्या तुला काय झालं तर माझ्या गळ्यात." शेवटी ओळखीतून मुंबईच्या एका साप्ताहिकानं दिलं, तेही विमा तुझा तूच बघ असं लिहून घेऊन. आणि आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध चालत नाही, ते बारीक अक्षरात शेवटी असतं, त्यामुळे वॉर-रिस्कचा वेगळा विमा काढावा लागला, खिसा चांगलाच हलका झाला.

कार्ड ईमेलवर आलं, सोबत नियमांचं लांबलचक पत्रक. २०२३ पासून तिथं झोन केलेत, हिरव्यात तुम्ही फिरा, पिवळ्यात प्रेस ऑफिसर बरोबर पाहिजे, लालमध्ये जायचंच नाही. क्षेपणास्त्र पडलेल्या जागेचे फोटो लगेच टाकायचे नाहीत. हे मला पटतं, कारण मागची पाटी नाहीतर इमारत ओळखून समोरचा पुढचा नेम सुधारतो. २६/११ ला टीव्हीवाल्यांनी लाइव्ह दाखवून काय केलं ते आपण बघितलंय, आता आपल्याकडेही केबलच्या नियमांत अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईचं लाइव्ह बंद आहे. पण झोनचं नाही पटत, कारण कुठला भाग लाल हे सैन्यच ठरवणार, आणि जिथे त्यांची फजिती झालीय तिथला रंग काय असेल हे सांगायला नको! तरी गाझापेक्षा बरं म्हणायचं, तिथे ऑक्टोबर २०२३ पासून बाहेरच्या पत्रकारांना इस्रायली सैन्यासोबतच नेतात आणि चित्रण आधी त्यांना दाखवावं लागतं.

आईला कायदा सांगून बघितला, युद्धाचे नियम सांगणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे जोडकरारात, पत्रकार म्हणजे सामान्य नागरिक, त्याच्यावर हल्ला करायचा नाही असं लिहिलंय. ती म्हणाली, "मग तो दानिश सिद्दीकी कसा गेला?" आता काय सांगणार, रॉयटर्सचा हा आपला फोटोग्राफर २०२१ मध्ये अफगाणिस्तानात स्पिन बोल्डकला अफगाण कमांडोंसोबत होता, आणि सैन्याबरोबर असलं की गोळी कार्ड बघून थोडीच येते.

आता फक्त कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सच्या सिरीयल नंबरचं सर्टिफिकेट घ्यायचं राहिलंय, नाहीतर परत येताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर ड्युटी मागतात. मग वॉर्सा, आणि पुढे ट्रेन, कारण २०२२ पासून युक्रेनमध्ये प्रवासी विमानं उतरतच नाहीत.