ज्यूस पण लपवायचा?

काल रात्री अकराला दूध घ्यायला खाली किचनमध्ये गेले तर तिथे तिघीजणी सीरियल खात बसलेल्या, मला बघून एकीने हातातला लाल कप हळूच खोक्यामागे सरकवला. नंतर कळलं, त्यात संत्र्याचा ज्यूस होता!

सॉरोरिटीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या संघटनेच्या, घरात दारू चालत नाही हे खरंय, पण ज्यूस?

वर त्यांची खजिनदार विचारते, "हे पण रिपोर्टमध्ये जातं का?"

आता काय बोलणार. माझं काम म्हणजे सॉरोरिटीच्या हेडक्वार्टरतर्फे तिच्या घराघरांत फिरायचं, आज इंडियाना, पुढच्या आठवड्यात ओहायो, गेस्टरूममध्ये बॅग उघडायची, नव्या मुलींची रिक्रूटमेंट, थकलेली वर्गणी, ऑफिसर पोरींची भांडणं सगळं ऐकायचं नि हेडक्वार्टरला कळवायचं. पाठवतात मदतीला म्हणून, पण पोरींना मी शाळा तपासायला आलेली साहेबच वाटते. अगं, मागच्या वर्षी मी पण अशाच घरात राहत होते, तुमच्या प्रेसिडेंटपेक्षा जेमतेम वर्षाने मोठी आहे मी!

आणि जिला खरंच काही सांगायचं असतं ती सांगते कधी, तर मी बॅग गाडीत टाकताना. तोवर रिपोर्ट गेलेला असतो.

ऑडिटवाल्यांनो, इन्स्पेक्शनवाल्यांनो, तुमच्याशी पहिल्या दिवशी कुणी खरं बोलतं का हो?