अ.पा.क. आई

आमच्या घरात पणजोबांबद्दल एवढंच सांगितलं जायचं : ‘लढाईवर गेले ते बसऱ्यालाच राहिले.’ साल कुठलं, पलटण कुठली, काही नाही. फोटो नाही, पदक नाही. आमच्या गावात (तालुका खटाव, जिल्हा सातारा) जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर या गावातून इतके लोक गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, असं तिच्यावर कोरलंय. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत अशा पाट्या आहेत. नावं सहसा नसतात, आकडे असतात. त्या आकड्यात आमचे पणजोबा आहेत असं गृहीत धरून आमच्या तीन पिढ्या त्या पाटीवरून ये-जा करत आल्या.

शोधाला मी बसले ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांतल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळापासून. महायुद्धात कामी आलेल्या हिंदी शिपायांच्या नोंदी तिथे कुणालाही फुकट बघता येतात. शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि बऱ्याच नोंदींत पुढे वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. अडचण एकच, सगळं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आमचं आडनाव साताऱ्यात गावोगाव आहे, त्यामुळे आडनावाने शोधून काही हाती लागत नाही. मी पणजोबांच्या वडिलांचं नाव आणि तालुका धरून शोधलं, गावाच्या नावाची जमतील तेवढी स्पेलिंगं टाकून पाहिली. सापडले. ११७ मराठा पलटण, शिपाई, मृत्यू जानेवारी १९१६.

तारीख कळली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. ११७ वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. १०३ आणि ११० या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये. बगदादकडे निघालेलं हे सैन्य मागे हटत कुत-अल-अमारा या तिग्रिसकाठच्या गावात आलं आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की सैन्याने त्याला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला या सैन्याचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली, तोवर शिधा संपला होता आणि घोडे कापून खायची वेळ आली होती. त्यातले सुमारे १३,००० लोक कैद झाले आणि त्यांना पायीच पुढे नेलं गेलं. पणजोबा त्याआधीच, वेढ्यातच गेले होते. कैदेतली ती पायपीट त्यांच्या वाट्याला आली नाही, हे वाचून मला खरंच बरं वाटलं.

त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. इंग्रज सैनिकांची नावं तिथे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा दिला. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने या भेदभावाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण चावडीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच, याचा राग मला अजून येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

यानंतर मी गावच्या दप्तराकडे वळले. सगळ्यात आधी गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज करून नक्कल मिळते. आमच्या तालुक्याचं ठिकाण वडूज. २०२३ च्या शेवटी न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत हे कागद बाहेर निघाले, मोडी वाचक बसवले गेले, त्यामुळे आता असा अर्ज घेऊन आलेल्या माणसाकडे कुणी नवलाने बघत नाही. मोडी मला येत नाही. शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, नवख्याला एक ओळही सुटत नाही. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकलेल्या एका काकांनी सगळं वाचून दिलं.

आजोबांचा जन्म १९१४ चा सापडला. मुलगा, बापाचं नाव, जात, तारीख. मुलाचं नाव नाही, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली. आईसाठी तर रकानाच नाही.

तेच बुक पुढे चाळत १९१८ वर आलो. सप्टेंबरपर्यंत महिन्याला दोन-तीन मृत्यू, आणि ऑक्टोबर लागला की पानंच्या पानं. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, खाली ‘ताप’, त्याच्या खाली ‘ताप’. इन्फ्लुएंझाची दुसरी लाट. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्यात गेली असा अंदाज आहे. एकाच घरातली आई, मग दोन दिवसांनी मूल, मग सासरा. काका मोठ्याने वाचत होते ते मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. त्या पानांवर आमच्या घरातल्या पणजोबांच्या आईचीही नोंद आहे. नवरा कुतला गेलेला, सासू तापाने गेली आणि घरात पणजी, चार वर्षांचा मुलगा आणि धाकटा दीर.

पणजीचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते फेरफारात. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. जुने फेरफार म्हणजे गाव नमुना ६, आमच्या भागात ‘ड पत्रक’ म्हणतात. सातबारावरचे फेरफार नंबर धरून मागे मागे जात राहायचं. काही जिल्ह्यांतल्या जुन्या दप्तराच्या स्कॅन प्रती ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही मिळतात. १९१९ ची नोंद अशी : खातेदार लढाईवर मयत, वारस मुलगा, अज्ञान, वय वर्षे ५, अ.पा.क. आई, आणि पुढे पणजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा. वर्दी (खबर) देणार म्हणूनही तिचंच नाव, ‘कोम’ म्हणजे ‘पत्नी’ लावून नवऱ्याच्या नावासह.

मला या नोंदीचं फार मोल वाटतं. नवरा १९१६ मध्ये गेला. त्या काळी दीर हयात असताना जमीन त्याच्या नावावर एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून चढणं ही अगदी सरळ वाट होती. ए.कु.मॅ. ही अक्षरं जुन्या उताऱ्यांवर ढिगाने दिसतात. घरात सासू होती तोवर बहुधा कुणी काही हलवलं नसेल. सासू गेल्यावर वर्षभरात ही बाई तलाठ्यासमोर उभी राहिली आणि मुलाचा हिस्सा मुलाच्या नावावर, आपल्या पालनात लावून घेतला. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच आजोबांच्या नावापुढे पालक म्हणून चुलत्याचं नाव आहे. शाळेत दिराचं नाव लागलं तर लागू दे, जमिनीला मात्र माझं, एवढं तिला नेमकं कळत होतं असं मी मानते.

पुढच्या नोंदी मी आत्याच्या शेजारी बसून वाचल्या. १९२३ ला इतर हक्कात बोजा, सावकाराचं गहाण, दीडशे रुपये. त्यानंतर आठ वर्षं काही नाही. १९३१ ला बोजा कमी, म्हणजे कर्ज फिटलं. आत्या म्हणाली, “आजी भाकरीवर कोरड्यास घेत नसे, चटणी घ्यायची. आम्हाला वाटायचं तिला आवडतच नाही.” इतकंच बोलली आणि कागद पुन्हा स्वतःकडे ओढून घेतला.

गहाणखताची नक्कल दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळाली. लोक सातबारावर थांबतात, दस्तापर्यंत जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते : दस्तात साक्षीदार असतात, त्यांच्या बापाचं नाव आणि राहणार कुठले तेही असतं. यातला एक साक्षीदार माण तालुक्यातल्या एका गावचा आहे. आमच्या भावकीत त्या गावाशी कुणाचं काही नातं नाही. पण आत्याला आठवतं, आजोबांचे मामा दहिवडीकडून, म्हणजे माण तालुक्यातूनच, बैल घेऊन पेरणीला यायचे. पणजीचं माहेर कुठलं हे घरात आज कुणालाच सांगता येत नव्हतं. तो साक्षीदार तिचा भाऊ असावा, असा माझा भरवसा आहे.

जातीच्या दाखल्यासाठी मध्यंतरी आमच्या चुलतभावाने प्रतिज्ञापत्रावर वंशावळ केली. सात पिढ्या, सगळे पुरुष. दाखल्याला तेवढंच लागतं, त्याला बोल नाही. मी घरासाठी वेगळी केली आहे. तिच्यात पणजोबांच्या नावासमोर पलटण आणि तारीख आहे, पणजीच्या नावासमोर फेरफार क्रमांक आणि साल. आता माण तालुक्यातल्या त्या गावच्या कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे, १८९० च्या पुढच्या वर्षांचा. मुलीचं नाव तिथे नसणार हे माहीत आहे. बापाचं नाव साक्षीदाराच्या बापाशी जुळलं, आणि पुढे ‘मुलगी’ असं लिहिलेलं असलं, तर जन्मतारीखही वंशावळीत लिहीन.